सातबाऱ्याची तारीख होते तेव्हा

प्रथम वर्षाच्या मुलांना पहिल्या प्रात्यक्षिकाला मी एकच काम देतो. स्प्रेडशीट उघडा, एका चौकटीत इंग्रजी अंकांमध्ये ७/१२ टाइप करा आणि एंटर दाबा. वर्गातली बरीच मुलं शेतकरी घरांतली असतात. सातबारा म्हणजे गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा, हे त्यांना सांगावं लागत नाही. पडद्यावर मात्र उमटतं ०७-डिसेंबर. एखाद्या मशीनवर १२-जुलै येतं, कारण त्याची सेटिंग अमेरिकी पद्धतीची राहून गेलेली असते. मग मी म्हणतो, आता त्या चौकटीचं फॉरमॅट बदलून 'नंबर' करा. २०२५ सालात हा प्रयोग केला असेल, तर तिथे आता ४५९९८ दिसतं. सातही गेले, बाराही गेले, मधली तिरकी रेघसुद्धा गेली.

एका वर्षी मागच्या बाकावरच्या मुलीने विचारलं, "सर, मी लिहिलेलं गेलं कुठे?"

उपयोजित संगणन, म्हणजे महाविद्यालयात 'अप्लाइड कम्प्युटिंग' किंवा तत्सम नावाने शिकवला जाणारा पहिला अभ्यासक्रम, या एका प्रश्नाभोवती उभा आहे असं मला वाटतं. कला, वाणिज्य, विज्ञान, कृषी, कुठल्याही शाखेच्या मुलाने तो घ्यावा. पण घरी विचारलं जातं, "हे एमएस-सीआयटीसारखंच का?" तर तसं नाही. २००१ पासून एमएस-सीआयटीने महाराष्ट्रात लाखो लोकांची संगणकाची भीती घालवली. अर्ज भरणं, पत्र टाइप करणं, ई-मेल पाठवणं, ही कौशल्यं तिथे मिळतात आणि ती मोलाची आहेत. संगणकशास्त्राच्या पदवीत दुसऱ्या टोकाचं शिक्षण असतं: यंत्र आतून कसं बांधतात, भाषा कशा घडवतात, त्यामागचं गणित काय. उपयोजित संगणन या दोहोंच्या मधलं आहे. आपल्या कामाच्या जगातली एखादी गोष्ट, म्हणजे जमीन, पाऊस, रुग्ण, पैसे, मजकूर, यंत्राला समजेल अशी मांडायची कशी आणि त्याने दिलेल्या उत्तरावर विश्वास कधी ठेवायचा, हे तिथे शिकायचं असतं.

प्रोसेसर, मेमरी, हार्ड डिस्क यांची चित्रं काढण्यात अनेक ठिकाणी पहिले दोन आठवडे जातात. मी त्यावर एक तास देतो. प्रोसेसर आकडेमोड करतो, मेमरीत कामापुरतं ठेवतात, डिस्कवर कायमचं राहतं. सुरुवातीला एवढं पुरतं. खरा वेळ द्यायला हवा तो पुढच्या गोष्टीला.

सगळे आकडेच

संगणकाच्या पोटात फक्त आकडे असतात, तेही ० आणि १ यांच्या ओळींच्या रूपात. तारीख, नाव, फोटो, गाणं यांतलं काहीही तिथे तसंच्या तसं जात नाही. प्रत्येक गोष्टीला आकडा द्यावा लागतो, आणि कुठल्या गोष्टीला कुठला आकडा द्यायचा हे कधीतरी कुणीतरी माणसानेच ठरवलेलं असतं. त्या ठरवण्याला संकेत म्हणू या. संकेत माहीत असेल तर ४५९९८ मधून ७ डिसेंबर २०२५ परत मिळतो. संकेतच चुकीचा लावला, तर सातबाऱ्याची तारीख होते. आणि एकदा ती झाली की परतीची वाट नसते, कारण एक्सेलने जपून ठेवलेला असतो तो ४५९९८. तुम्ही दाबलेल्या कळा नव्हेत.

तारखेचा संकेत साधा आहे. १ जानेवारी १९०० या दिवसाला १ म्हणायचं आणि पुढे दिवस मोजत जायचं. या हिशेबाने १५ ऑगस्ट १९४७ हा १७३९४ आणि महाराष्ट्र राज्य स्थापन झालं तो १ मे १९६० हा २२०३७. सोय मोठी आहे. दोन तारखांमधलं अंतर काढायचं तर फक्त वजाबाकी करायची: स्वातंत्र्यापासून महाराष्ट्र राज्यापर्यंत ४६४३ दिवस. महिना तीसचा की एकतीसचा, हे पाहावंच लागत नाही.

पण संकेत ठरवणाऱ्याच्या गरजा त्यात उतरतात. एक्सेल १९०० पासून मोजतं, त्यामुळे ६ जून १६७४ ही शिवराज्याभिषेकाची तारीख त्याच्या लेखी तारीखच नाही. इतिहासाचा विद्यार्थी ती टाइप करतो, पडद्यावर ती नीट दिसते, पण आत ती नुसती अक्षरं असतात. वजाबाकी करायला गेलं की चूक दाखवली जाते. ज्यांनी हे घडवलं त्यांच्यासमोर कार्यालयांचे हिशेब होते. मोडी कागदपत्रांवर काम करणारा माणूस त्यांच्या डोळ्यांसमोर नव्हता.

आणखी एक गंमत याच मोजणीत आहे. एक्सेलमध्ये ६० हा आकडा टाकून त्याचं रूप तारखेत बदला. २९ फेब्रुवारी १९०० येईल. असा दिवस उगवलाच नव्हता. शतकाच्या वर्षाला ४०० ने भाग गेला तरच ते लीप वर्ष, आणि १९०० ला तो जात नाही. एक्सेलच्या आधी लोटस १-२-३ नावाचं स्प्रेडशीट जोरात होतं, त्यात १९०० लीप धरलेलं होतं. लोकांच्या जुन्या फायली नव्या सॉफ्टवेअरमध्ये चालाव्यात म्हणून एक्सेलने ती चूक जाणूनबुजून तशीच घेतली. वर दिलेल्या २२०३७ मध्येसुद्धा तो न उगवलेला दिवस मोजलेला आहे.

क म्हणजे २३२५

मजकुराचं प्रकरण मराठी माणसासाठी सगळ्यात जवळचं, म्हणून त्याला मी तीन तास देतो.

अमेरिकेत १९६३ साली आस्की नावाचा संकेत ठरला. त्यात १२८ जागा होत्या. इंग्रजी अक्षरं, अंक, विरामचिन्हं आणि यंत्राला द्यायच्या काही खुणा एवढ्यांत ते संपलं. इंग्रजीतल्या मोठ्या 'ए'चा आकडा ६५. देवनागरीला तिथे जागाच नव्हती. मग आपल्याकडे अनेक वर्षं एक युक्ती चालली. आकडे इंग्रजी अक्षरांचेच ठेवायचे, पण फाँटमध्ये त्या अक्षरांच्या जागी देवनागरीची चित्रं भरायची. पडद्यावर मराठी दिसे, फायलीत मात्र इंग्रजी अक्षरांचा गोंधळ असे. तोच फाँट नसलेल्या मशीनवर फाइल उघडली की सगळं उघडं पडायचं. डीटीपीच्या धंद्यात ज्यांनी दिवस काढले, त्यांना हे वेगळं सांगायला नको. कित्येक पुस्तकांच्या फायली अजून त्या अवस्थेत आहेत आणि कन्व्हर्टर लावल्याशिवाय त्यांत एक शब्दही शोधता येत नाही.

भारतीय मानक ब्युरोने १९९१ साली इस्की हा भारतीय लिप्यांसाठीचा संकेत प्रमाण केला. युनिकोडची पहिली आवृत्तीही १९९१ चीच. युनिकोडचा बेत असा की जगातल्या प्रत्येक लिपीतल्या प्रत्येक चिन्हाला स्वतःचा एकच आकडा मिळावा. देवनागरीला २३०४ ते २४३१ असा १२८ जागांचा पट्टा मिळाला, आणि त्याची मांडणी इस्कीच्या आधीच्या, १९८८ च्या रूपावर बेतलेली आहे. क म्हणजे २३२५.

आता 'क्षितिज' हा शब्द घ्या. किती अक्षरं? मराठी माणूस म्हणतो तीन. संगणक म्हणतो सात: क, हलन्ताची खूण, ष, पहिली वेलांटी, त, दुसरी वेलांटी, ज. आकड्यांत २३२५, २३८१, २३५९, २३६७, २३४०, २३६७, २३३२. यात एक गोष्ट निरखून पाहण्यासारखी आहे. कागदावर पहिली वेलांटी आपण अक्षराच्या डावीकडे काढतो, पण साठवताना ती व्यंजनानंतर येते, कारण उच्चार त्या क्रमाने होतो. ती डावीकडे नेऊन दाखवणं हे फाँटचं काम. दिसणं वेगळं आणि असणं वेगळं, हे मुलांना या एका शब्दात कळतं.

याचा व्यवहारातला परिणाम प्रत्येकाच्या खिशात आहे. ० किंवा १ बसेल एवढी एक जागा म्हणजे बिट, आणि आठ बिटांचा एक बाइट. एका एसएमएसमध्ये १४० बाइट मावतात. इंग्रजी अक्षराला ७ बिट पुरतात, म्हणून १६० अक्षरं बसतात. देवनागरी चिन्हाला १६ बिट, म्हणजे २ बाइट लागतात, म्हणून ७० च. त्या ७० मध्ये काना, मात्रा, वेलांटी सगळं धरलेलं. मराठीतला छोटा निरोपही दोन-तीन एसएमएस का खातो, याचं कारण एवढंच. वेबवर जो यूटीएफ-८ संकेत सर्रास वापरतात, त्यात इंग्रजी अक्षराला १ बाइट आणि देवनागरी चिन्हाला ३ बाइट लागतात. 'क्षितिज' तिथे २१ बाइटचं होतं.

याहून अवघड जागा पुढे आहे. 'ॲ' हे अक्षर पाहा आणि 'अॅ' हे पाहा. बहुतेक फाँटमध्ये डोळ्यांना दोन्ही सारखीच. पण पहिल्याला स्वतःचा आकडा आहे, २४१८, तो युनिकोडमध्ये २००८ साली आला. दुसरं म्हणजे अ आणि त्यावर चढवलेला चंद्र, २३०९ आणि २३७३. एका कारकुनाने 'ॲलर्जी' असं टाइप केलं आणि दुसऱ्याने 'अॅलर्जी' असं, तर शोध घेताना एकच सापडतं. 'सुऱ्या' मधल्या अर्ध्या र चं तसंच. तो ऱ या वेगळ्या आकड्याने लिहिता येतो, किंवा साधा र, हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह अशा तिघांनी मिळून. छापून आल्यावर फरक ओळखू येत नाही. रुग्णालयाच्या नोंदींत, ग्रंथालयाच्या यादीत, मतदारांच्या नावांत 'सापडत नाही' असं उत्तर आलं की आपण समजतो नोंदच नाही. नोंद असते. आकडे जुळत नसतात. इंग्रजी पाठ्यपुस्तकं वापरून शिकवताना हा भाग गळतो, कारण त्यांच्या लेखकांना ही अडचण कधी आलेलीच नसते. आपल्या मुलांना ती रोज येणार आहे, म्हणून आपल्या अभ्यासक्रमात ती असलीच पाहिजे.

दहावा हिस्सा तराजूत बसत नाही

आता आकड्यांचेच आकडे. पूर्ण संख्या सोपी: अर्ध्या-अर्ध्याने फोडत गेलं की ० आणि १ मध्ये बसते. अपूर्णांकात मात्र फसगत होते. पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत ०.१ + ०.२ लिहून पाहा. उत्तर येतं ०.३०००००००००००००००४. दरवर्षी वर्गात कुणीतरी म्हणतं की मशीन बिघडलंय. मशीन ठीक असतं.

समजावताना मी जुनी वजनं काढतो. शेराचा निम्मा अर्धा शेर, त्याचा निम्मा पावशेर, त्याचा निम्मा अदपाव, त्याचा निम्मा छटाक. प्रत्येक वजन आधीच्याच्या निम्मं. संगणकाकडे अपूर्णांकासाठी नेमकी हीच वजनं आहेत, फक्त छटाकाच्याही खाली बरीच दूर गेलेली. आता या वजनांनी शेराचा बरोबर दहावा हिस्सा तोलून दाखवा. छटाक म्हणजे ०.०६२५, कमी पडतं. त्यात अर्धा छटाक घातला की ०.०९३७५. पुढचं वजन जास्त होतं, त्याच्या पुढचंही. म्हणून शेराचा २५६ वा भाग घालायचा, मग ५१२ वा. झाले ०.०९९६०९३७५. असं करत जा, दहाव्याच्या अगदी शेजारी पोचाल, पण काटा मध्यावर कधीच येणार नाही. दशमान पद्धतीत एक-तृतीयांश लिहिताना ०.३३३ कधी संपत नाही, तसंच हे. संगणक कुठेतरी थांबतो, आणि थांबल्यावर राहिलेला कण म्हणजे ती शेपटीची चूक. स्प्रेडशीट ती बहुधा दाखवत नाही, गोळाबेरीज करून ०.३ दाखवतं. पण आत ती असते.

एवढ्याशा कणाने काय होतं, तर त्याचं उत्तर फार जड आहे. २५ फेब्रुवारी १९९१ ला, आखाती युद्धात, सौदी अरेबियातल्या धाहरान इथे अमेरिकी पेट्रियट यंत्रणेने येणारं स्कड क्षेपणास्त्र अडवलं नाही. ते सैनिकांच्या बराकीवर पडलं, २८ जण मेले. यंत्रणा वेळ मोजत होती सेकंदाच्या दहाव्या भागात, आणि तो दहावा भाग २४ बिटांत कापून ठेवला होता. यंत्रणा सलग सुमारे १०० तास चालू होती. तेवढ्यात कणाकणाने साचलेली चूक ०.३४ सेकंद झाली. स्कड सेकंदाला दीड किलोमीटरहून जास्त जातं. म्हणजे यंत्रणा आकाशात जिथे शोधत होती, तिथून ते अर्ध्या किलोमीटरहून दूर होतं.

म्हणून पैशांचा हिशेब लिहिताना मी एक नियम पाळायला लावतो: रुपयांचे पैसे करा. साडेबारा रुपये म्हणजे १२५०. पूर्ण संख्येत शेपटी नसते.

जागा संपते

प्रत्येक संकेताला कुठेतरी काठ असतो. १६ बिटांत ६५,५३६ वेगवेगळे आकडे मावतात. एक्सेलच्या जुन्या फायलींत एका पानावर तेवढ्याच ओळी असत. नव्यांत १०,४८,५७६ असतात, म्हणजे २ चा विसावा घात. ऑक्टोबर २०२० मध्ये इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेत कोविड चाचण्यांचे निकाल अशा जुन्या प्रकारच्या फायलींत ओतले जात होते. एका चाचणीला अनेक ओळी लागत. पान भरलं, पुढच्या ओळी गळाल्या. २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या काळातले १५,८४१ बाधित रोजच्या आकड्यांत आलेच नाहीत, आणि त्यांच्या संपर्कातल्या लोकांना शोधायला उशीर झाला. तिथे काम करणारे लोक हुशार होते, मेहनतीही होते. फाइल कुठे संपते, एवढंच कुणी पाहिलं नव्हतं.

सातबाऱ्याची तारीख होते तसंच जीवशास्त्रातही झालं. माणसाच्या काही जनुकांची नावं इंग्रजीत 'मार्च-१', 'सेप्ट-१' अशी होती. स्प्रेडशीट त्यांना १ मार्च, १ सप्टेंबर करून टाकायचं आणि शोधनिबंधांच्या पुरवण्यांत जनुकांऐवजी तारखा छापल्या जायच्या. शेवटी २०२० मध्ये जनुकांना नावं देणाऱ्या समितीने जनुकांचीच नावं बदलली. मार्च-१ ची झाली मार्चएफ-१. आपल्याकडे पुण्याचा ०२० हा एसटीडी कोड चौकटीत टाकला की नुसते २० उरतात, तीच ही जात. पुढचं शून्य आकड्यात निरर्थक असतं. पण ०२० हा आकडा नव्हेच, ते पुण्याचं नाव आहे, अंकांत लिहिलेलं. त्याची बेरीज कुणी करत नाही. एखाद्या रकान्याची बेरीज किंवा सरासरी काढण्याला अर्थ नसेल, तर तो रकाना मजकूर म्हणून ठेवावा. रोल नंबर, पिन कोड, मोबाइल नंबर, गट नंबर, सगळे त्यातच आले.

पायऱ्या

मांडणी झाली की कृती येते. कृतीच्या नेमक्या पायऱ्यांना अल्गोरिदम म्हणतात. नवव्या शतकात बगदादला अल-ख्वारिझ्मी नावाचा विद्वान होता. भारतीय अंकांनी हिशेब कसा करावा यावर त्याने लिहिलेलं पुस्तक लॅटिनमध्ये गेलं आणि त्याच्या नावाच्या लॅटिन रूपावरून हा शब्द पडला.

पहिल्या अभ्यासक्रमात एक अल्गोरिदम तरी हाडामासी खिळावा, तो निम्म्याने शोधण्याचा. जाड शब्दकोशात 'पाणी' शोधताना आपण पहिल्या पानापासून वाचत नाही. मध्ये उघडतो, 'द' दिसला तर पुढच्या भागात जातो, त्याच्याही मध्ये उघडतो. प्रत्येक वेळी उरलेल्यातला निम्मा भाग बाद. हजार नोंदींत जास्तीत जास्त १० वेळा पाहावं लागतं. दहा लाखांत २०. सगळ्या भारताची, समजा १४० कोटी नावांची, क्रमाने लावलेली एकच यादी असेल तर ३१. हजारावरून १४० कोटींवर गेलो आणि श्रम फक्त तिप्पट झाले. मी हे फळ्यावर लिहितो तेव्हा वर्ग गप्प होतो, आणि मला स्वतःला इतक्या वर्षांनंतरही त्यात नवल वाटतं.

पण अट एकच: यादी क्रमाने हवी. आणि क्रम कुणाचा? मराठी वर्णमालेत ळ येतो ह च्या नंतर. युनिकोडमध्ये ल २३५४, ळ २३५५, व २३५७. म्हणजे शाळेतल्या क्रमाने 'कावळे' आधी आणि 'काळे' नंतर, तर नुसत्या आकड्यांच्या क्रमाने 'काळे' आधी. 'ॲलर्जी' तर २४१८ मुळे 'हळद'च्याही मागे जाऊन बसते, आणि 'अॅलर्जी' मात्र अ मध्येच राहते. यादी हाताने मराठी क्रमाने लावली आणि यंत्र आकड्यांनी तुलना करू लागलं, तर ते चुकीच्या निम्म्यात शिरतं आणि ठामपणे सांगतं, 'काळे' नावाचं कुणी नाही. मराठी क्रम पाळणारी साधनं आहेत, ती वापरायला शिकवतोच. पण आधी ही गाठ दिसली पाहिजे.

दुसरा मोठा विषय कोऱ्या चौकटीचा. हवामान खात्याच्या पद्धतीने पावसाची मोजणी सकाळी ८.३० ला होते, मागच्या २४ तासांची. समजा आठवड्याच्या नोंदी आहेत १२, ०, कोरी, ३०, कोरी, ६, ० मिलिमीटर. सरासरी किती? स्प्रेडशीट कोऱ्या चौकटी वगळतं आणि ४८ ला ५ ने भागून ९.६ देतं. कुणी नीटनेटकेपणाच्या हौसेने कोऱ्या जागी शून्य भरलं तर भागाकार ७ ने, उत्तर ६.९ च्या आसपास. यातलं बरोबर कुठलं? संगणकाला ते ठरवता येत नाही, कारण शून्य म्हणजे पाऊस पडला नाही आणि कोरं म्हणजे कुणी मोजला नाही. ज्या दिवशी ओढ्याला पूर आला आणि मोजणारा मापकापर्यंत पोचूच शकला नाही, तो दिवस कोरा राहतो. म्हणजे सगळ्यात जास्त पावसाचा दिवस शून्य म्हणून मांडला जाण्याची शक्यता आहे. हे कळायला गाव माहीत असावं लागतं. उपयोजित संगणन शेतीच्या, भूगोलाच्या, वाणिज्याच्या मुलांना शिकवावं असं मी जे म्हणतो, ते यासाठी.

प्रोग्रॅमिंगचं वेगळं दडपण घेऊ नये. पायथन १९९१ पासून आहे, लिहायला मोकळी आहे, आणि पहिल्या सत्रात चार गोष्टी आल्या तरी पुष्कळ: नाव देऊन किंमत साठवणं, 'जर-तर', तेच काम पुन्हापुन्हा करवणं आणि कामाचा तुकडा वेगळा काढून त्याला नाव देणं. आता मुलं प्रोग्रॅम एआयकडून लिहून घेतात. मी त्यांना अडवत नाही. लिहून आल्यावर मात्र विचारतो: कोऱ्या चौकटीचं यात काय होतं? 'ॲ' दोन प्रकारे आला तर? रकाना आकडा धरलाय की मजकूर? ज्याला उत्तरं देता येतात, त्याने प्रोग्रॅम कुठूनही आणला तरी तो त्याचा झाला.

तपासणं हाही शिकण्याचा विषय आहे, आणि त्याची एक गोष्ट मी सांगतोच. २०१० मध्ये कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या नामांकित अर्थतज्ज्ञांनी एक निबंध लिहिला. ज्या देशांचं सरकारी कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या ९० टक्क्यांहून जास्त, त्यांची सरासरी वाढ उणे ०.१ टक्के, असं त्यात होतं. अनेक देशांतल्या धोरणांच्या वादात त्याचा हवाला दिला गेला. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या अ‍ॅमहर्स्ट इथल्या थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याला अभ्यासक्रमाचा भाग म्हणून एखाद्या निबंधातले आकडे पुन्हा काढायचे होते. त्याने हा घेतला. आकडे जुळेनात. लेखकांकडून मूळ एक्सेल फाइल मागवली, तेव्हा दिसलं की सरासरीच्या सूत्रात वीसपैकी पाच देशांच्या ओळी धरल्याच नव्हत्या. एकट्या त्या चुकीने फरक थोडाच पडला होता; कुठली वर्षं वगळली आणि कुणाला किती वजन दिलं, हेही मुद्दे होते. सगळं धरून २०१३ मध्ये त्याने आणि त्याच्या दोन प्राध्यापकांनी २.२ टक्के असं उत्तर मांडलं. सूत्रातली चूक मूळ लेखकांनी मान्य केली, बाकीच्यावर त्यांचा मतभेद राहिला. मुलांना मी त्यातली एकच गोष्ट दाखवतो: तो विद्यार्थी होता आणि त्याने फाइल मागितली.

सत्राच्या शेवटी प्रकल्प असतो. गावातली कुठलीही खरी वही घ्यायची, दूध संकलनाची, ग्रंथालयाची, विहिरीच्या पातळीची, आणि ती संगणकावर आणायची. पहिल्या पानावर आकडे नसतात. तिथे प्रत्येक रकान्याची ओळख लिहायची: यात काय आहे, एकक कुठलं, नोंद कुणी केली, कोरी चौकट म्हणजे काय, हा आकडा की मजकूर. शंभरातले तीस गुण त्या एका पानाला आहेत.

'लिहिलेलं गेलं कुठे' असं विचारणाऱ्या त्या मुलीने आपल्या वाडीच्या जमिनींची यादी केली होती. तिच्या पहिल्या पानावर, गट नंबरच्या रकान्यापुढे लिहिलेलं होतं: 'मजकूर. तिरकी रेघ महत्त्वाची आहे. वडिलांना विचारून खात्री केली.'